बिऱ्हाड पाठीवर, पत्ता साउथ डकोटाचा

अमेरिकेच्या आयकर खात्याने घराची एक व्याख्या करून ठेवली आहे. झोपायला जागा, स्वयंपाकाची सोय आणि संडास, या तीन गोष्टी जिथे आहेत ते घर. मग ते जमिनीवर उभं असो, पाण्यावर तरंगत असो की चाकांवर पळत असो. अटी पाळल्या तर अशा पळत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाचीही करात वजावट मिळते. आपल्याकडे पोटासाठी गावोगाव फिरणाऱ्याबद्दल 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' असं म्हणतात, आणि त्या म्हणण्यात थोडी कीव असते. अमेरिकेत मात्र साठी-पासष्टी गाठलेली, खाऊनपिऊन सुखी असलेली जोडपी राहता बंगला विकून हे बिऱ्हाड हौसेने पाठीवर घेतात. बारा महिने मोटरहोममध्ये राहणाऱ्या या मंडळींना 'फुलटायमर' म्हणतात. तुम्हीआम्ही राहतो त्या जमिनीवरच्या घराला त्यांच्या बोलीत नाव आहे 'काड्या-विटांचं घर'. त्या नावातही थोडी कीव असतेच, फक्त उलट्या दिशेने.

या जगण्याची जाहिरात सगळीकडे एकाच चित्राने होते. मावळतीचा सूर्य, दोन घडीच्या खुर्च्या, मागे लांबलचक पांढरी गाडी. म्हणून तयारीला लागलेला माणूस आधी गाड्या बघत सुटतो. माझ्या मते सुरुवात इथेच चुकते. या सगळ्यात गाडी ही सर्वांत सोपी गोष्ट आहे. पैसे मोजले की मिळते. अवघड काम वेगळंच असतं. घर तीस-चाळीस वर्षं न सांगता जी कामं करत आलेलं असतं, ती आधी ओळखावी लागतात. घर आपल्याला पत्ता देतं. कितीही सामान साठवलं तरी ते पेलतं. पाणी आणतं, मैला नेतं. जवळचा डॉक्टर ठरवून देतं. आणि हातपाय थकले की टेकायला शिल्लक राहतं. घर विकलं म्हणून ही कामं संपत नाहीत. ती कुणावर सोपवायची, एवढाच खरा तयारीचा प्रश्न.

तरी गाडीपासूनच सुरुवात करू, म्हणजे ती बाजूला पडेल. मोटरहोमचे तीन वर्ग आहेत. 'ए' म्हणजे बससारखी, पुढे भलीमोठी काच असलेली. 'बी' म्हणजे मालवाहू व्हॅनच्या आत बसवलेलं घर. 'सी' म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावरची, जिच्यात चालकाच्या डोक्यावर एक बिछाना पुढे आलेला असतो. वर्गांची ही अक्षरं आकाराच्या क्रमाने नाहीत, हे एकदा लक्षात ठेवलं की पुरे. अमेरिकेतल्या बहुतेक अशा गाड्या इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट शहरात आणि त्याच्या आसपास बनतात. अनेकांच्या तोंडी मोटरहोमला सरसकट 'विनेबेगो' हे नाव बसलं आहे. ती कंपनी मूळची आयोवातल्या विनेबेगो काउंटीमधली, आणि 1966 पासून ती मोटरहोम बनवते. मोठी गाडी घेतली की तिच्यामागे एक छोटी मोटार बांधून ओढावी लागते, कारण दूध आणायला कुणी पस्तीस फुटी घर घेऊन जात नाही. ओढल्या जाणाऱ्या या मोटारीला फुलटायमर 'टोड' म्हणतात. इंग्रजीत 'ओढलेली' आणि 'बेडूक' हे दोन्ही उच्चार सारखेच, म्हणून.

नवी कोरी गाडी म्हणजे बिनचूक गाडी, हा आपला मोटारींवरून झालेला समज इथे उपयोगी नाही. मोटरहोममध्ये नळ, गॅस, वीज, पंप, फ्रिज, छत, खिडक्या असं अख्खं घर असतं आणि ते रोज तासाला शंभर किलोमीटरच्या वेगाने हादरत असतं. काहीतरी सैल होतंच. आणि गाडी दुरुस्तीला गेली की घरही दुरुस्तीला जातं. कुत्रा, औषधं आणि चार कपडे घेऊन हॉटेल गाठावं लागतं. म्हणून दोन-चार वर्षं वापरलेली, पहिल्या मालकाने दोष काढून घेतलेली गाडी बरी, असं जुने फुलटायमर सांगतात. मलाही ते पटतं. टायर मात्र रंगरूपावरून जोखू नयेत. टायरच्या कडेला चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजून नव्हे, वयाने मरतात. नक्षी नव्यासारखी दिसत असतानाच ते फुटू शकतात.

फिनिक्सला माझी धाकटी बहीण राहते. तिच्या नवऱ्याची निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यालाही हे खूळ लागलं, आणि 'घर विकायच्या आधी आठ दिवस भाड्याने घेऊन बघा' या माझ्या सल्ल्याची शिक्षा म्हणून आम्हा दोघांनाही बरोबर जावं लागलं. पहिल्याच उजव्या वळणावर वरचं कपाट उघडलं आणि तुरीच्या डाळीची बरणी जमिनीवर आली. कपाटाची खिट्टी लागल्याचा 'टक' आवाज येईपर्यंत दार दाबायचं असतं, हे गाडी देणाऱ्याने सांगितलं होतं आणि आम्ही चौघांनीही ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीने पोह्यांना फोडणी दिली. मोहरी तडतडली न तडतडली तोच छतावरचा धुराचा गजर कोकलायला लागला, आणि शेजारच्या गाडीतले आजोबा अग्निशामक नळकांडं घेऊन धावत आले. त्यांना पोहे आवडले. पण मिरचीचा ठसका त्या गाडीच्या पडद्यांतून आठ दिवस गेला नाही.

वीजही अशीच शिकवते. छोट्या गाडीची जोडणी 30 अँपिअरची असते, म्हणजे 120 व्होल्टला 3,600 वॅट. वातानुकूलन यंत्र चालू, मायक्रोवेव्ह चालू, त्यात कुणी केस वाळवायचं यंत्र लावलं की खटका पडलाच. मोठ्या गाडीच्या 50 अँपिअरच्या जोडणीत 120 व्होल्टच्या दोन तारा येतात, त्यामुळे 12,000 वॅट मिळतात. आकड्यांवरून वाटतो त्याहून फरक बराच मोठा. रानात, विजेच्या खांबाशिवाय थांबायचं तर सगळी भिस्त बॅटरीवर. 12 व्होल्टची 100 अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण रिकामी केली तरी 1,200 वॅट-तास देते. छतावरचं वातानुकूलन यंत्र तेवढं तासाभरात पिऊन टाकतं. पुण्याहून नेलेला मिक्सर तर 220 व्होल्टचा. तो तिथे नुसताच कण्हतो.

आता वजन. काड्या-विटांच्या घरात पुस्तकांचं कपाट आणखी एक आलं तर पाया तक्रार करत नाही. गाडीत दाराजवळ एक पट्टी चिकटवलेली असते: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये. समजा तो आकडा 2,000 आहे. ऐकायला भरपूर वाटतो. एक गॅलन पाणी म्हणजे 8.34 पौंड, सत्तर गॅलनची टाकी भरली की 584 पौंड गेले. दोन माणसांचे 330 धरा. उरले 1,086 पौंड, म्हणजे साधारण 490 किलो. एवढ्यात कपडे, भांडी, हत्यारं, खुर्च्या, औषधं, धान्य, नातवंडांचे अल्बम आणि पस्तीस वर्षांच्या संसारातलं 'हे कसं टाकायचं' बसवायचं. मागे गाडी बांधली तर तिच्या दांडीचा भारही यातच धरावा लागतो.

म्हणून अनुभवी लोक सामान भरून झाल्यावर महामार्गावरच्या ट्रकथांब्यावर जातात. तिथे ट्रकवाल्यांसाठी वजनकाटे असतात. पुढची चाकं एका पट्ट्यावर, मागची दुसऱ्या पट्ट्यावर. प्रत्येक आसाचं वजन वेगळं छापून हातात पडतं. हा कागद मला नेहमीच एखाद्या आरोग्य तपासणीच्या अहवालासारखा वाटतो. तो पाहून लोक पुन्हा घरी जातात आणि बिडाचा तवा काढून ठेवतात. पहिल्या फेरीत सगळं टाकवत नाही, मग भाड्याच्या गोदामात खोली घेऊन त्यात सामान कोंडतात. हे मात्र करू नये. चार वर्षं भाडं भरून शेवटी त्याच सोफ्याला कुणी फुकट नेईना, अशी पाळी येते. मुलांना विचारा, त्यांना नको असेल तर (बहुधा नकोच असतं) अंगणात मांडून विकून टाका.

पाणी येतं कुठून आणि जातं कुठे, हा प्रश्न शहरी माणसाने आयुष्यात स्वतःला विचारलेला नसतो. गाडीत तीन टाक्या: पिण्याच्या पाण्याची, आंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याची म्हणजे 'ग्रे', आणि मैल्याची म्हणजे 'ब्लॅक'. बहुतेक अमेरिकन लोकांना शॉवरखाली पंधरा मिनिटं उभं राहायची सवय असते. त्यांना अंग ओलं करा, नळ बंद करा, साबण लावा, पुन्हा नळ सोडा, असं शिकवावं लागतं. बादलीभर पाण्यात आंघोळ करून वाढलेल्या माणसाला हा धडा नवा नाही. या एका विषयात आपण जन्मजात पुढे आहोत.

मैल्याच्या टाकीचं तसं नाही. सगळ्यांना वाटतं, नळी जोडलेलीच आहे तर खालची झडप उघडीच ठेवावी, आपोआप वाहून जाईल. वाहून जातं ते फक्त पाणी. घट्ट भाग टाकीतच राहतो, वाळत जातो, आणि महिन्याभरात आत छोटंसं शिखर उभं राहतं. मग ते फोडायला खास माणूस बोलवावा लागतो आणि तो हसत हसत भरपूर पैसे घेतो. योग्य पद्धत अशी: झडप बंद ठेवायची, टाकी चांगली भरू द्यायची, हातमोजे घालायचे, नळी पक्की बसवायची. आधी ब्लॅक सोडायची. ती संपली की ग्रे सोडायची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. शेवटी रिकाम्या ब्लॅक टाकीत थोडं पाणी सोडून ठेवायचं. गाडीच्या आतल्या भिंतीवर टाकीची पातळी दाखवणारे दिवे असतात, पण टाकीत कागदाचा एक तुकडा चिकटला की ते खोटं बोलतात. माझ्या मेव्हण्याने हे सगळं दुसऱ्याच दिवशी शिकून घेतलं. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेला माणूस गुडघ्यावर बसून नळीच्या पारदर्शक सांध्यातून वाहतं पाणी स्वच्छ झालं का हे बघतोय, हे दृश्य पाहून बहीण म्हणाली, 'आता हा निवृत्त झाला.'

आता पत्त्याकडे येऊ. यावर फुलटायमर सोडून फारसं कुणी बोलत नाही, आणि सगळं अडतं मात्र इथेच. अमेरिकेत वाहन परवाना, गाडीची नोंदणी, विमा, मतदान, राज्याचा आयकर हे सगळं तुमचं 'घर' कोणत्या राज्यात आहे यावर ठरतं. घरच विकलं तर? मग कायद्याच्या दृष्टीने तुमचं राज्य कोणतं, हे तुम्हीच ठरवायचं आणि ते कागदोपत्री सिद्ध करायचं. बहुतेक फुलटायमर तीन राज्यांपैकी एक निवडतात: साउथ डकोटा, टेक्सास, फ्लोरिडा. तिन्ही राज्यांत राज्याचा आयकर नाही, आणि तिन्हींमध्ये टपाल सांभाळून पुढे पाठवणारे धंदे चांगले रुळले आहेत. साउथ डकोटात तर परवान्यासाठी राज्यातल्या तंबूतळावर किंवा हॉटेलात एक रात्र काढल्याची पावती लागते. एक रात्र! आपल्याकडे अधिवास प्रमाणपत्रासाठी तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत फिरलेल्या माणसाला हे वाचून गहिवरून येईल. मतदार यादीचे नियम मात्र वेगळे असतात आणि बदलत असतात. एका रात्रीत मतही मिळतं असं समजू नये.

टेक्सासमधला पत्ता निवडणाऱ्यांपैकी अनेकांचा पत्ता एकाच गावचा असतो: लिव्हिंग्स्टन. 1978 मध्ये जो आणि के पीटरसन या जोडप्याने सुरू केलेल्या 'एस्केपीज' या संघटनेचं मुख्यालय तिथे आहे. जो वीजतंत्री, के परिचारिका. कामामागे गाव बदलत ट्रेलरमध्ये राहणाऱ्या या दोघांना आपल्यासारखी आणखी माणसं हवी होती, त्यातून हा संघ उभा राहिला. त्यांची टपालसेवा अशी चालते: तुमचं सगळं टपाल लिव्हिंग्स्टनला येतं, तुमच्या नावाच्या खणात पडतं. तुम्ही फोन करून सांगता, 'पुढच्या आठवड्यात मी मोंटानात अमुक गावी असेन.' गठ्ठा त्या गावच्या पोस्टात 'जनरल डिलिव्हरी' म्हणून जातो. पोस्टमास्तर तो ठेवून घेतो, तुम्ही ओळखपत्र दाखवून उचलता. पूर्वी आपल्याकडे लोक 'पोस्ट रेस्तांत' लिहून पत्रं मागवत, त्याचाच हा भाऊ.

तरी दोन ठिकाणी गाडं अडतं. एक म्हणजे बँक. काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या कायद्यामुळे बँकांना खातेदाराचा राहता पत्ता लागतो, आणि टपालखणाचा पत्ता त्यांचा संगणक बरोबर ओळखतो. त्यामुळे अनेकजण मुलीचा किंवा भावाचा पत्ता देतात. दुसरं म्हणजे ज्यूरीचं बोलावणं. तुम्ही अलास्कात सामन मासे बघत असता आणि टेक्सासच्या न्यायालयाला तुम्ही सोमवारी सकाळी हवे असता.

आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरावान म्हणजे अशाच फिरत्या घरांतून करायच्या पर्यटनाचं धोरण आणलं. पण ते नावाप्रमाणे पर्यटनाचं, पाहुण्यांचं. गाडीतच कायमचं राहायचं ठरवलं तर आपल्याकडच्या प्रत्येक अर्जातल्या 'कायमचा पत्ता' या रकान्यात काय लिहायचं, हा प्रश्न त्या धोरणाने घेतलेला नाही, आणि त्याने तो घ्यावा अशी अपेक्षाही नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांना मात्र अर्धवट फिरतं जगणं नवं नाही. 1965 च्या कायद्याने दार उघडल्यावर साठ-सत्तरच्या दशकांत गेलेली पिढी कधीच निवृत्त झाली, आणि तिच्यातले कितीतरी सहा महिने पुणे, सहा महिने न्यू जर्सी असे राहतात. दोन्हीकडे कुलूप, दोन्हीकडे औषधांचा डबा.

औषधांवरून आठवलं. पासष्ट पूर्ण झाल्यावर अमेरिकेत मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा मिळतो, पण त्याची दोन रूपं आहेत, आणि फुलटायमरसाठी त्यांतला फरक जीवावरचा आहे. मूळ मेडिकेअर देशभरात ते स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे चालतं. त्याला खाजगी 'मेडिगॅप' पुरवणी जोडतात. दुसरं रूप 'मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज'. हप्ता कमी, दात-चष्म्याची आमिषं, पण डॉक्टर सहसा ठरावीक भागातल्या यादीतले. एका जागी राहणाऱ्याला ते परवडेल. पण साउथ डकोटाचा पत्ता असलेल्या माणसाच्या छातीत अ‍ॅरिझोनात दुखलं तर तातडीचे उपचार होतील, आणि पुढच्या सहा महिन्यांच्या तपासण्यांसाठी तो कुठे जाणार? ही चूक नंतर सहज सुधारताही येत नाही. पासष्टीनंतर मेडिकेअरचा 'बी' भाग सुरू झाला की मेडिगॅप घ्यायला सहा महिन्यांची मुदत असते, ज्यात तुमचा मधुमेह किंवा रक्तदाब कुणी विचारू शकत नाही. ती गेली की बहुतेक राज्यांत कंपनी प्रकृती विचारते आणि नाहीही म्हणते. आणि पासष्टीच्या आधीच गाडीत बसायचं असेल तर खाजगी विमा राज्याराज्यात बदलतो. तेव्हा पत्त्याचं राज्य निवडताना करापेक्षा विमा आधी बघावा.

मेडिकेअर देशाच्या सीमेपलीकडे जवळपास चालत नाही, दातांची कामंही सहसा देत नाही. म्हणून हिवाळ्यात अ‍ॅरिझोनातल्या युमाच्या आसपास उतरलेले म्हातारे गाडी सीमेवर लावतात आणि पायी मेक्सिकोतल्या लॉस अल्गोदोनेस या गावात दात बसवायला जातात. त्या गावाची ओळखच 'दाढांचं गाव' अशी आहे.

पैशाचा हिशेब लोक डिझेलपासून मांडतात. तो सोपा असतो म्हणून. मोठी मोटरहोम गॅलनला आठेक मैल देते, म्हणजे लिटरला साडेतीन किलोमीटरही नाही. वर्षाला 10,000 मैल फिरलात तर 1,250 गॅलन. गॅलनला 4 डॉलर धरले तर 5,000 डॉलर. पण हा एकच खर्च असा आहे की हातात पैसा कमी असेल तेव्हा गाडी उभी केली की तो थांबतो. विमा, हप्ते, दुरुस्ती थांबत नाहीत. विमाही साधा चालत नाही. सुटीपुरती गाडी वापरणाऱ्याचा वेगळा आणि तिच्यातच राहणाऱ्याचा वेगळा. दुसऱ्या प्रकारचा न घेता राहणारे दावा नाकारला गेल्यावर शहाणे होतात.

घर विकावं की भाड्याने द्यावं? मन भाड्याकडे ओढतं, 'नाही जमलं तर परत जाता येईल' म्हणून. इथे कराचा एक कावा माहीत हवा. राहतं घर विकून झालेल्या नफ्यातले एकट्याला अडीच लाख आणि नवराबायकोला मिळून पाच लाख डॉलर करमुक्त असतात. अट अशी की विक्रीआधीच्या पाच वर्षांतली किमान दोन वर्षं तुम्ही त्या घरात राहिलेले असावेत. म्हणजे घर भाड्याने दिल्यापासून तुमच्याकडे तीन वर्षं आहेत. तीन वर्षांत हे जगणं मानवतं की नाही हे कळतं. चौथ्या वर्षी विकलंत तर ती सवलत गेली. मला विचाराल तर ही तीन वर्षं म्हणजे सरकारने न मागता दिलेला उमेदवारीचा काळ आहे, तो वापरावा.

या सगळ्याची एक काळी बाजूही आहे. जेसिका ब्रूडर यांचं 'नोमॅडलँड' हे पुस्तक 2017 मध्ये आलं, त्यावरच्या चित्रपटाला पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्यातल्या म्हाताऱ्यांनी गाडी हौसेने घेतलेली नाही. घर गेलं, पेन्शन पुरेना, म्हणून ते व्हॅनमध्ये आले. शरदात ते उत्तरेकडे बीटच्या शेतांवर कापणीच्या कामाला जातात, नाताळाआधी गोदामांत पार्सलं उचलतात. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. फरक ओळखायची साधी कसोटी आहे: गाडी सहा महिने एका जागी उभी ठेवावी लागली तर तुमचं भागतं का? भागत नसेल तर ते निवृत्त होणं नव्हे, नोकरी बदलणं आहे.

उभं राहायला जागा स्वस्त मिळू शकते, एवढं खरं. अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट या अडीच हजार वस्तीच्या वाळवंटी गावात दर हिवाळ्यात मोटरहोमांचा समुद्र लोटतो. गावाबाहेरची जमीन केंद्र सरकारची. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल या हंगामात तिथे राहायची फी अनेक वर्षं 180 डॉलर होती, म्हणजे दिवसाला 85 सेंट. त्यात पाणी भरायला आणि टाकी रिकामी करायला जागा मिळते. वीज नाही, सावली नाही. आम्ही आठ दिवसांतले तीन तिथे काढले. रात्री थंडी हाडात शिरते आणि आकाश मात्र कोकणातल्या अमावास्येसारखं. गावच्या दफनभूमीत दगडी पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर धातूचा उंट. 1856 मध्ये अमेरिकी सैन्याने उंट आणले तेव्हा त्यांच्याबरोबर आलेल्या हाजी अली या उंटवाल्याची ती समाधी. स्थानिकांना नाव उच्चारता येईना, म्हणून तो 'हाय जॉली' झाला. उंटांची पलटण मोडली तरी तो परत गेला नाही; 1902 मध्ये तिथेच वारला.

थांबायचं कधी, हे निघण्याआधी ठरवायचं असतं, आणि तेच बहुतेकांच्या तयारीतून निसटतं. बहुतेक जोडप्यांत गाडी एकच जण चालवतो. तो एक दिवस आजारी पडला तर दुसऱ्याला ते पस्तीस फुटी घर निदान जवळच्या तळापर्यंत नेता आलं पाहिजे. यासाठी शिकवण्या आहेत, आणि मोठ्या गाड्यांना काही राज्यांत वेगळा परवानाही लागतो. टेक्सासमध्ये 26,000 पौंडांच्या वर. गाडीची उंची चिठ्ठीवर लिहून चालकासमोर चिकटवावी. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅममध्ये 11 फूट 8 इंच उंचीचा एक रेल्वेपूल वर्षानुवर्षं गाड्यांची छतं सोलत आला. 2019 मध्ये तो आठ इंच उचलला, तरी सोलायचा थांबला नाही. मोठ्या मोटरहोम बारा-तेरा फूट उंच असतात. आणि पैशाच्या बाजूने: गाडीची किंमत दरवर्षी घसरते, घराची बहुधा वाढत राहते. पुन्हा छोटं घर घेण्याइतकी रक्कम वेगळी न काढता निघालात तर परत यायला दार राहत नाही.

माझ्या मेव्हण्याने अजून घर विकलेलं नाही. भाड्याने दिलं आहे. तीन वर्षांपैकी चौदा महिने झाले. पत्ता साउथ डकोटाचा आहे, बँकेतला पत्ता भाचीचा. बहीण आता गाडी मागे घ्यायला त्याच्यापेक्षा चांगली शिकली आहे, आणि फोडणी ती बाहेर, गाडीच्या सावलीत, छोट्या गॅसवर देते.

लिव्हिंग्स्टनला एस्केपीजच्या लोकांनी आणखी एक गोष्ट उभारली, तीही ध्यानात ठेवा. ज्यांना आता गाडी चालवणं झेपत नाही, त्यांच्यासाठी तिथे एक केंद्र आहे. माणसं आपापल्या मोटरहोममध्येच राहतात, आपल्याच बिछान्यावर झोपतात; जेवण सभागृहात मिळतं, डॉक्टरकडे नेणारी गाडी येते, औषधं बघायला माणूस असतो. रांगेत उभ्या असलेल्या त्या घरांना चाकं अजून आहेत.